हातभर अंतरावरचा अलार्म

चाळीस वर्षं ज्याने लोकांच्या बोटींच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्याचीच मोटार भर तलावात तापून बंद पडावी, याच्यासारखी नामुष्की नाही. माझी पडली. सकाळी नऊला पडली आणि दुपारी दोनपर्यंत मी वारा नेईल तिकडे फिरत होतो. शेवटी प्रवाशांच्या लाँचने दोर टाकला आणि मला ओढत धक्क्यावर आणलं. लाँचमधले झाडून सगळे एका बाजूला येऊन बघत होते. वर तिचा चालक मलाच बोलला, "मिस्त्री, सकाळी जाताना चार शिट्ट्या मारल्या तुम्हाला. ढुंकून बघितलं नाहीत. आम्हाला वाटलं, गळ टाकून बसलाय, नको त्रास द्यायला." मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणालो. दोर टाकणाऱ्याला असं बोलू नये, कळतं मला. पण माझं डोकं तापलेलं होतं, मोटारीपेक्षा जास्त.

झालं होतं साधंच. बोटीच्या मागे लटकणारी ही मोटार तलावाचंच पाणी खालच्या जाळीतून आत खेचते आणि त्या पाण्याने स्वतःला गार ठेवते. जाळीत पाणगवत अडकलं, पाणी बंद झालं, मोटार तापली. हे कुठल्याही मोटारीचं होतं, म्हणून तर कंपनीने अलार्म दिलेला असतो. तापली की तो कोकलतो, माणसाने मोटार बंद करायची, गवत काढायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पुढे जायचं. माझा अलार्म कोकललाच नाही. मोटारीने आत आपले कान-नाक जाळून घेतले आणि मी पुढे पाण्याकडे बघत गुणगुणत बसलो होतो.

लाँचवाल्याने माझ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. नंबर कुठून मिळाला, देव जाणे. मुलगा लांब असतो, आगगाडीने पुरा एक दिवस लागतो. दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, ऑफिस सुटल्यावर, स्टेशनकडे चालता चालता तो मला फोन करतो. त्या दिवशी मंगळवारीच आला.

"बाबा, अलार्म चालू होत नाही तोवर बोट पाण्यात घालायची नाही."

"अरे, तू मला मोटारी शिकवणार?"

"शिकवत नाही. आई होती तेव्हा निदान दोघं तरी असायचात. आता तुम्ही एकटे जाता. अलार्म बसवा, मला फोनवर वाजवून ऐकवा, मग खुशाल जा. नाहीतर मी येतो आणि मोटार घेऊन जातो."

तो बोलतो तसं करतो. त्या बाबतीत आईवर गेलाय.

आता ही बोट म्हणजे माझ्यासाठी काय आहे ते सांगून टाकतो, उगाच आढेवेढे नकोत. बायको, आमची ही, गेली त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या. वर्कशॉप तीन वर्षांपूर्वीच बंद केलं, गिऱ्हाइकं आपोआप कमी होत गेली होती. कपभर चहासाठी घरात एकही धड भांडं नाही, सगळी दोघांच्या मापाची. एकट्याचा चहा तळाशी करपतो. कोणी येत नाही, जात नाही. दिवसभरात मी कोणाशी बोललो याचा हिशोब संध्याकाळी करायला गेलो तर पुष्कळदा उत्तर येतं, कोणाशी नाही. फक्त सकाळी बोट पाण्यात ढकलली, किल्ली फिरवली, मोटारीचा धक्का हाताला लागला, की वाटतं, चला, आपण अजून आहोत. मासा मिळो न मिळो. ती सकाळ गेली तर माझं काही उरत नाही. मुलाला हे सांगितलेलं नाही. बाप लोक सांगत नाहीत.

तर दोन दिवस मोटार उघडून जळलेलं बदललं आणि मग अलार्म शोधायला बसलो. बैल गेला आणि झोपा केला, ते हेच.

गंमत बघा. लोकांच्या मोटारींमध्ये अलार्म कुठे असतो ते मी झोपेत सांगेन. आपल्या मोटारीत तो कुठे आहे हे अकरा वर्षांत बघितलं नव्हतं, कारण तो कधी वाजलाच नव्हता. मी चारचौघांत मिरवायचोसुद्धा, "माझ्या मोटारीचा अलार्म? नव्या नवरीसारखा आहे, अजून तोंड उघडलं नाही त्याने." मोटार जुनी, दोन सिलिंडरची, मी घेतली तेव्हाच दोन मालक बघून झालेली. मधल्या कोणीतरी तिच्या वायरींचं भजं करून ठेवलेलं. मोटारीच्या डोक्यावर उष्णता ओळखणारा एक छोटा स्विच असतो, तो सापडला. त्याची वायर एके काळी तपकिरी असावी, उन्हाने आणि तेलाने तिचा रंगच गेला होता. तिला धरून धरून मी मागे मागे आलो. वायर मोटारीतून बाहेर पडली, जाड नळीत शिरली, बोटीच्या कडेने फिरली आणि माझ्या बसायच्या फळीच्या बाजूला, किल्लीच्या पाटीमागे नाहीशी झाली. पाटीचे चार स्क्रू, चारही गंजलेले. एकाचं डोकं उडालं. पाटी ओढल्यावर मागे वायरींच्या जुडग्याला टेपने बांधलेलं एक काळं, गोल, पेढ्याएवढं डबडं. कोळ्याने त्यावर घर केलेलं. हाच तो. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर अकरा वर्षं बसून होता.

आता तपासणी. स्विचची वायर मोटारीच्या अंगाला टेकवली की, मोटार तापलेली असो नसो, अलार्म वाजलाच पाहिजे. किल्ली फिरवली, वायर टेकवली. शांत. पुन्हा टेकवली, घासली. शांत. सरळ बॅटरीवर लावून बघितला, तरी शांत. मेला होता बिचारा.

एखादा म्हणेल, मीटर लावून बघायचा. मीटर माझ्याकडे आहे, मुलाने दिलेला, खोक्यात. मी मीटरवाला नाही, कानवाला मिस्त्री आहे. पंचक्रोशीत माझं नावच तेवढ्यावर होतं. मोटार सुरू करायची, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावायची, आणि सांगायचं, खालची बेअरिंग गेली. उघडून बघावं तर खालचीच बेअरिंग गेलेली असायची. लोक डॉक्टर म्हणायचे. ज्याच्याकडे कान आहेत त्याने मीटर कशाला घ्यावा?

स्पेअर पार्टवाल्याला फोन केला. हा माझा जुना माणूस, पंचवीस वर्षांचे संबंध, त्यातली वीस भांडणात गेलेली. म्हणाला, "त्या मॉडेलचा बझर आता मिळत नाही, पण दुसरा चालतो, पाठवतो." चार दिवस झाले, पार्सल नाही. पाचव्या दिवशी दारात पार्सलवाल्याची चिठ्ठी: आलो होतो, बेल वाजवली, दार उघडलं नाही. मी दिवसभर घरात! दार सोडून हललो नव्हतो. अशी ही कामचुकार जात. पोस्टापर्यंत तंगडतोड करून पार्सल आणलं.

नवा बझर हातात घेतला. चकचकीत, दोन वायरी, लाल आणि काळी. बॅटरीला लावला. शांत. उलटा लावला. शांत. पार्टवाल्याला चार शब्द ऐकवले. त्याने मुकाट्याने दुसरा पाठवला, या वेळी शेजारच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर. तोही बॅटरीला लावला. तोही मुका.

तेव्हा मात्र मी चडफडत खोक्यातून मीटर काढला. पुस्तिका वाचली. मीटर म्हणाला, बॅटरी बरोबर आहे, करंट जातोय, बझर करंट खातोय. मी म्हणालो, खातोय तर मग बोंबलत का नाही? मीटरही मुलाचाच, त्याच्यावर तरी किती भरवसा ठेवायचा. खोक्यात टाकला आणि फोन उचलला. वेळ सकाळची अकराची, दुकानात गिऱ्हाइकं असणार, चांगलंच. चारचौघांत ऐकवायचं होतं.

"काय शेठ, भंगार विकायला काढलंय का? दोन पाठवलेत, दोन्ही मेलेले!"

"मिस्त्री, दोन्ही मी स्वतः दुकानात वाजवून पाठवलेत."

"मग मी खोटं बोलतोय? थांब, तुझ्या कानानेच ऐक. हा बघ, लावला बॅटरीला. ऐकतोयस? काही ऐकू येतंय?"

मी फोन बझरच्या अगदी जवळ धरला होता. मग कानाला लावला. पलीकडे तो ओरडत होता.

"अहो, बंद करा ते! कान फुटले माझे! बंद करा आधी!"

मी वायर काढली. तो म्हणाला, "हुश्श." मी वायर लावली. तो म्हणाला, "अहो मिस्त्री, काय चेष्टा लावलीय?" मी काढली. तो गप्प झाला.

माझ्या हातात बझर होता. पुन्हा लावला तेव्हा बोटांना बारीक थरथर जाणवत होती. मुंग्या आल्यासारखी. एवढंच. वर्कशॉपमध्ये नेहमीची शांतता होती. लाँचचं इंजिन लांब कुठेतरी धडधडत होतं, ते ऐकू येत होतं. पार्टवाल्याचं बोलणं ऐकू येत होतं. फक्त हा बारीक, किनरा आवाज येत नव्हता.

"हां," मी म्हणालो, "आत्ता लागला. वायर सैल होती."

"सांगत नव्हतो?" तो म्हणाला आणि विजयाने फोन ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी भांडणात जिंकला आणि कशात जिंकला ते त्याला कळलंही नाही.

मी जुना बझर उचलला, कोळ्याचं जाळं पुसलं आणि तो बॅटरीला लावून बोट ठेवलं. थरथरला. तोही जिवंत होता. म्हणजे तो कधीच मेला नव्हता. म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांत तो वाजत होता.

तिथल्या स्टुलावर मी बसलो, आणि एकेक गोष्ट येऊन समोर उभी राहायला लागली.

पार्सलवाला बेल वाजवून गेला होता. लाँचवाल्याने चार शिट्ट्या मारल्या होत्या. दोघांना मी शिव्या घातल्या. पावणेदोन वर्षं मी म्हणत होतो की माझ्याकडे कोणी येत नाही. किती जण दारात उभे राहून, बेल वाजवून, म्हातारा दार उघडत नाही, नको असेल बोलायला, असं म्हणून परत गेले असतील? आणि गिऱ्हाइकं? ती आपोआप कमी झाली नव्हती. कानवाल्या मिस्त्रीने बरी आहे म्हणून परत पाठवलेली मोटार आठवड्यात बसली, तर गिऱ्हाईक पुन्हा येईल कशाला?

हे सगळं गिळलं असतं मी. पण मग ही आठवली.

मी किल्ली फिरवली की ही पुढच्या फळीवरून म्हणायची, "हं, चला." रोज. किल्ली फिरवली की अलार्म एकदाच छोटासा वाजतो, मी बरा आहे असं सांगायला; या जुन्या मोटारीत ती सोय नसेल असं मी धरून चाललो होतो. तो ऐकूनच ती म्हणत होती. मला वाटायचं, बाईला घाई.

आणि मध्येच, वर्षातून एखाददोनदा, भर तलावात ती म्हणायची, "अहो, थांबा जरा. मला पाणी प्यायचंय." चालत्या बोटीत पाणी पिता येत नाही का तुला, घरून निघताना काय झालं होतं, असं मी हमखास बोलायचो. मोटार बंद करायचो. ती सावकाश बाटलीचं झाकण उघडायची, दोन घोट प्यायची, झाकण लावायची. आणि म्हणायची, "थांबलोच आहोत तर बघा ना, गवत अडकलंय का खाली." बघावं तर अडकलेलं! मग मी काय म्हणायचो माहीत आहे? म्हणायचो, "बघितलंस? मला वाटलंच होतं, मोटारीचा आवाज बदललाय." आणि ती म्हणायची, "तुमचे कानच तसे आहेत."

एकदाही हसली नाही हो. एकदा जरी हसली असती तरी मला कळलं असतं. तिला ठाऊक होतं की कान गेले म्हणजे मिस्त्री गेला. म्हणून तिने अलार्म आणि माझ्यामध्ये स्वतःला बसवलं, आणि माझ्या शिव्या खात तहानेचं नाटक केलं. मी मात्र तिला नाजूक म्हणायचो. लोकांसमोर म्हणायचो, आमच्या हिला दर मैलाला तहान लागते. तिच्या माघारी लोकांनी माझ्याबद्दल किती हळहळ केली, एकटा पडला बिचारा म्हणून. कोणालाही माहीत नाही मी केवढा एकटा पडलोय. आज सकाळपर्यंत मलाही नव्हतं.

दुपारी जेवलो नाही. गुरुवार होता. साडेपाचला खिशातला फोन थरथरला. फोन नेहमी थरथरता ठेवतो मी, मोटारीच्या आवाजात वाजलेला कळत नाही म्हणून, असं मी समजत होतो. कधीपासून ठेवतो, कोणी ठेवायला सांगितला, आता तेही नीट आठवलं. तिनेच.

"बाबा, मिळाला का अलार्म?"

"मिळाला."

"बसवला?"

"बसवतोय. ऐकवू?"

"ऐकवा."

मी बझर बॅटरीला लावला, फोन जवळ नेला, दहा आकडे मोजले, वायर काढली.

"वा! स्टेशनवरच्या लोकांनी वळून बघितलं माझ्याकडे. झालं तर मग. जा आता उद्यापासून. पण मोबाइल बरोबर ठेवा."

एवढंच होतं. त्याने परवानगी दिली होती. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. अलार्म वाजतो, त्याने ऐकला. उद्या पहाटे बोट ढकलली असती तर कोणाची हरकत नव्हती. शिवाय मी मिस्त्री आहे, अलार्मच्या जोडीला एक लाल दिवा लावून घेतला असता. अर्ध्या तासाचं काम. मोटार तापली की दिवा लागेल, मी बघेन. जेवणाच्या वेळी हाच विचार करत बसलो होतो, दिवा कुठे लावायचा, वायर किती लागेल. पण दिवा मोटारीचं सांगेल. मागून येणाऱ्या लाँचच्या शिट्टीचं कोण सांगणार? ती चाळीस माणसं घेऊन फिरते.

"बाबा? आहात ना?"

"आहे. ऐक जरा. अलार्म चांगला आहे. जुनाही चांगलाच होता. मला तो ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही. आत्ता तू ऐकलास ना, तो माझ्या हातात होता आणि मला काही ऐकू आलं नाही. पुष्कळ वर्षांपासूनचं आहे. तुझी आई सांभाळून घेत होती."

पलीकडे स्टेशनवरची घोषणा चालू होती, ती ऐकू येत होती. ती संपू दिली त्याने. मग म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन या, बाबा. यंत्रं मिळतात हल्ली चांगली."

"जाईन की."

"पण तोवर... पाण्यावर नको."

"नको."

"मी रविवारी येतो. मोटार घेऊन जातो. तिथे राहिली तर तुम्ही जाल, मी ओळखतो तुम्हाला."

मी भांडायला हवं होतं. तोही भांडणाच्या तयारीनेच बोलत होता, आवाजावरून कळत होतं. पण मागच्या खेपेला तो आला होता ते आईच्या वर्षश्राद्धाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला होता.

"ये," मी म्हणालो. "शनिवारीच ये. मोटार सोडवायला वेळ लागतो. दोन दिवस तरी लागतील."

मोटार सोडवायला वीस मिनिटं लागतात. दोन मळसूत्रं, एक नळी आणि बॅटरीच्या दोन वायरी.

"बरं," तो म्हणाला. "शनिवारी येतो."

फोन ठेवला आणि बझर बसवायला घेतला. उगाच कशाला, असं मनात आलं, पण अर्धवट काम मी कोणाच्या हाती दिलेलं नाही. जुन्या वायरींचं भजं सोडवलं, खराब तुकडा कापला, नव्याला कथिलाचा डाग मारला, वर रबरी नळी चढवली. टेपने बांधला नाही. पाटीला नीट भोक पाडून, दोन पितळी स्क्रू लावून, तोंड बाहेर काढून बसवला. किल्ली फिरवून बोट टेकवलं. थरथरला. चांगला वाजत असणार.

ज्याच्या हाती ही मोटार जाईल, त्याला ऐकू येईल.